चौथी ओळ

सेंट एलॉय, मेन
१४ जानेवारी

प्रिय लिओनेल,

आपल्या गावची रुग्णवाहिका आता माझ्या गॅरेजमधून हलणार नाही. बँगोरच्या अधिकृत शोरूममधल्या बाईंनी आज सकाळी फोनवर तसं पक्कं सांगितलं. शेजारी गिल्बेर वेलेत उभा होता. रुग्णवाहिकेचा प्रमुख तोच, म्हणून बाईंनी तेच वाक्य त्याच्यासाठी पुन्हा म्हणून दाखवलं. "गाडीला नवा भाग ओळखीचा नाही, सर. ओळख करून द्यायचं काम फक्त आमच्याकडे होतं."

मी म्हटलं, "बाई, गाडी तुमची, भागही तुमचाच. सख्ख्या भावांची ओळख करून द्यायला पाद्री कशाला?"

बाई हसल्या नाहीत. पुढची रिकामी तारीख मार्चच्या अखेरची आहे म्हणाल्या, आणि तोवर गाडी टो करून तिकडे आणून ठेवायची.

झालं असं. नाताळात ब्रेकचा कॉम्प्युटर गेला. मी भंगारातून त्याच मॉडेलच्या अपघातातल्या गाडीचा काढून आणला. बोल्ट बसले, वायरी बसल्या. पण गाडी त्याला घरात घ्यायला तयार नाही. चालकासमोरचे धोक्याचे सगळे दिवे पेटतात आणि ती अंत्ययात्रेच्या चालीने चालते. रुग्णवाहिकेला ती चाल शोभत नाही, असं गिल्बेर म्हणतो. माझा स्कॅनर आत डोकावतो. काही लिहायला गेलं की पडद्यावर येतं, परवानगी नाही.

राज्याच्या मतदानात आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं होतं ना, की गाडी ज्याची, माहितीही त्याची? कंपनी म्हणते, माहिती दिली आहे, पुस्तक सगळ्यांना उघडं आहे. उघडून पाहिलं. कुठला बोल्ट किती आवळायचा तेसुद्धा आहे त्यात. ओळख करून द्यायच्या पानावर मात्र एकच वाक्य आहे: "पुढील काम अधिकृत केंद्रात करून घ्यावे."

ती पुस्तकं लिहिणाऱ्या विभागात तू बसतोस. पुढचं काम काय असतं, ते मला सांग.

आज दुपारीच गॅरेज बारे केलं, कुलूप ओढून पाहिलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. आल्फेदाकाकू बरी आहे. तिच्या दारातलं बर्फ मी काढतो, ती मला त्यातल्या चुका दाखवते.

तुझा चुलतभाऊ,
ओनेझिम


ॲन आर्बर, मिशिगन
२२ जानेवारी

प्रिय ओनेझिम,

तू कागदावर लिहिलंस हे चांगलं केलंस. यापुढेही कागदावरच लिही. इथे ईमेल वाचले जातात, आणि फोनवर असं काही बोलावं अशी परिस्थिती नाही.

तुझा राग मला कळतो. पण दुसरी बाजूही बघ. ही कुलपं चोरांसाठी आहेत. चोरलेल्या गाड्यांचे भाग उद्या कुणीही कुठेही बसवील. त्यात हा ब्रेकचा मामला. कुणा अर्धवट माणसाने चुकीचं काही लिहिलं आणि गाडी थांबली नाही तर? तू अर्धवट नाहीस हे मला माहीत आहे, पण पडद्याला कसं कळणार?

स्वतंत्र गॅरेजांसाठी नोंदणीची सोय आहे. तू अर्ज कर. पद्धतशीर अर्ज केला की काम होतं. गाडी बँगोरला न्यायचा खर्च मी देतो, पंचायतीला माझं नाव सांगू नकोस.

मी सध्या फ्रेंच आवृत्तीत अडकलो आहे. पॅरिसचे दोन भाषांतरकार माझ्या मजकुरावर तांबड्या शाईने रेघा मारतात. आपली फ्रेंच गोठ्यातली आहे म्हणे. सुरुवातीला भांडायचो. आता मीही त्यांच्यासारखाच बोलतो, वेळ वाचतो.

आईला सांग, या रविवारी नक्की फोन करतो.

तुझा,
लिओनेल


सेंट एलॉय
२९ जानेवारी

लिओनेल,

रविवारी फोन आला नाही. काकू जेवणाचं ताट फोनशेजारी घेऊन बसली होती.

नोंदणीचा अर्ज मी बटाटे काढायच्या दिवसांत केला होता. बोटांचे ठसे दिले, विम्याचे कागद दिले, माझ्यावर कधी खटला नव्हता याचा दाखला दिला. उत्तर आलं, "आपला अर्ज विचाराधीन आहे." मग बर्फ पडलं. अजून विचारच चालू आहे.

आणि चोरांचं म्हणशील, तर चोराला ब्रेक कशाला लागतोय? त्याला पळायचं असतं, थांबायचं नसतं.

आता नीट ऐक. मार्चमध्ये ग्रामसभा आहे. या वेळच्या विषयांत एक ठराव आहे: गावची रुग्णवाहिका सेवा बंद करून नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावाशी करार करायचा. ठराव क्लोडेतने आणलाय. पंचायतीची अध्यक्ष ती. मला म्हणाली, "जी गाडी चालत नाही तिचा विमा कशाला भरायचा, ओनेझिम?" मी म्हटलं, चालेल. "कधी?" तिने विचारलं. ग्रामसभेच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर शाळेच्या आवारात येऊन उभी राहिली, तर ठराव पडतो, असं गिल्बेर म्हणतो. लोकांना ती दिसायला हवी. नाही दिसली, तर ती गेली. एकदा गेलेली रुग्णवाहिका कुठल्या गावात परत आल्याचं मी ऐकलेलं नाही.

खालच्या गावची गाडी आपल्या टेकडीच्या टोकाला किती वेळात पोचते, ते तुझ्या नकाशात बघ. टोकाला कोण राहतं, ते तुला माहीत आहे.

काल काकूकडे जेवलो. ती प्लॉय, आपली कुट्टूची धिरडी, भाजत होती. म्हणाली, "माझ्या लेकाला सांग ना. त्याच कंपनीत साहेब आहे तो."

"सांगितलं."

"मग?"

"विचाराधीन आहे."

ती हसली आणि माझ्या ताटात आणखी एक प्लॉय टाकली. मला ते हसणं आवडलं नाही.

ओनेझिम


ॲन आर्बर
६ फेब्रुवारी

प्रिय ओनेझिम,

हे मी आईसाठी करतो आहे, तुझ्या टोमण्यांसाठी नाही.

वेगळ्या चिठ्ठीवर परवानगीचा क्रमांक आहे. तो आमच्या चाचणी विभागाचा आहे. आम्ही सगळेच तो वापरतो, त्यामुळे कुणा एकाचा नाही. एकदाच वापर.

आधी बॅटरीला चार्जर लाव. मध्येच वीज कमी पडली तर भाग कायमचा जातो. मग स्कॅनर लाव आणि क्रमांक घाल. एक यादी उघडेल. चौथ्या ओळीत त्या भंगारातल्या गाडीचा क्रमांक दिसेल. ती ओळ बारे कर. जागा रिकामी झाली की तिथे आपल्या गाडीचा क्रमांक घाल. सेव्ह कर. गाडी बंद करून चालू कर. झालं.

बाकी कशाला हात लावू नकोस. आणि हा कागद जाळ.

लिओनेल


सेंट एलॉय
१३ फेब्रुवारी

लिओनेल,

तू लिहिलंस तसंच केलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. तरी हे झालं.

गिल्बेरने चार्जर धरला होता. म्हणजे चार्जर जमिनीवरच होता, पण त्याला काहीतरी धरायचं होतं. तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होतो. यादी उघडली. चौथ्या ओळीत परका क्रमांक होता. ओळीच्या पुढे तीन बारीक चित्रं होती: पेन्सिल, केराची टोपली आणि कुलूप. तू म्हटलंस बारे कर. मी कुलूप दाबलं.

पडद्याने विचारलं, "नक्की?"

मी हो म्हटलं. पडद्याने पुन्हा विचारलं, "हे परत फिरवता येणार नाही. नक्की?"

गिल्बेर म्हणाला, "लग्नात पाद्रीसुद्धा एकदाच विचारतो. दाब."

दाबलं. मग आलं: "धन्यवाद. हा भाग आता सुरक्षित आहे."

जागा काही रिकामी झाली नाही. परका क्रमांक तिथेच, आता राखाडी रंगात. गाडी बंद करून चालू करायला गेलो तर ती चालूच होईना. काल रांगत तरी होती. आज किल्ली फिरवली की एक दिवा लागतो आणि विझतो.

भंगारात तसा दुसरा कॉम्प्युटर नाही, मी विचारलं. ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. माझं कुठे चुकलं ते लगेच लिही.

ओनेझिम


ॲन आर्बर
२० फेब्रुवारी

ओनेझिम,

कुलूप कशाला दाबलंस?

बारे म्हणजे खोड! ओळ खोडायची होती. टोपली दाबायची होती. इथे सगळे तसंच म्हणतात, पॅरिसवाले, आम्ही, सगळे. बारे म्हणजे ओळीवर रेघ मारणं.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की आपल्या खोऱ्यातल्या फ्रेंचमध्ये बारे म्हणजे दाराला कुलूप घालणं. बाबा झोपायच्या आधी विचारायचे, "दार बारे केलंस का?", तेच ते. इतकी वर्षं तो शब्द मी तसा वापरलेला नाही. पण ओनेझिम, पुढचंच वाक्य होतं की जागा रिकामी झाली की. कुलूप लावून जागा रिकामी होते का? जरा विचार करायचा. पडद्याने तुला दोनदा विचारलं होतं.

ते कुलूप आता कारखान्याबाहेर उघडत नाही. शोरूमवालेही उघडू शकणार नाहीत, पूर्ण नवा भाग घालावा लागेल. मुद्दामच तसं केलं आहे. निदान शेवटी "धन्यवाद" तरी असावं, यासाठी मी बैठकीत किती भांडलो होतो! मूळ मजकूर फार रुक्ष होता.

असो. झालं ते झालं. आता गाडीला हात लावू नकोस, आणि कंपनीने विचारलं तर जपून बोल. कागद जाळलास ना?

लिओनेल


ॲन आर्बर
१२ मार्च

प्रिय ओनेझिम,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. आई फोन उचलत नाही. तिची तब्येत बरी आहे ना? की तुम्ही दोघांनी मिळून माझ्यावर रुसायचं ठरवलं आहे?

इथे चौकशी सुरू झाली आहे. चाचणीचा क्रमांक बाहेरच्या गाडीवर चालला, हे यंत्रणेत दिसलं. गाडी कुठली आणि कुठे आहे, हेही दिसलं. क्रमांक कुणी दिला, तेवढं दिसत नाही. आमच्यात वेरोनिका म्हणून एक मुलगी आहे. त्या आठवड्यात तो क्रमांक तिच्या टेबलावरून जास्त वापरला गेला होता, म्हणून तिला घरी बसवलं आहे. मुलगी चांगली आहे, नुकतंच घर घेतलंय. तिच्यावर काही सिद्ध होणार नाही, असं मला वाटतं. मी काही बोललेलो नाही. मी बोलून तिचा फायदा होईलच असंही नाही.

कंपनीचा वकील तुझ्याकडे येईल. तू समजूतदार आहेस. एकाच घरात वाढलो आपण, एकाच गॅरेजमध्ये हात काळे केले. जास्त काय लिहू?

ग्रामसभेचं काय झालं ते कळव.

तुझा,
लिओनेल


सेंट एलॉय
३० मार्च

लिओनेल,

ठराव मंजूर झाला. हात मोजायची गरज पडली नाही. कालपासून गावाला रुग्णवाहिका नाही. खालच्या गावचा करार क्लोडेतने पंचायतीच्या दारावर लावला आहे.

तुझी आई फोन उचलत नव्हती, कारण ती घरात नव्हती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती मागच्या पायरीवर घसरली आणि खुबा मोडला. तिने मदतीचा फोन केला. पत्ता सांगितला, "सीरांच्या टेकडीवर, शेवटचं घर." आपली गाडी बंद पडल्यापासून असे फोन खालच्या गावी जातात, आणि तिथल्या रुग्णवाहिकेवरच्या पोरांच्या पडद्यावर सीरांची टेकडी नाही. तिथे त्या रस्त्याला कुठलं तरी सरकारी नाव आहे, ते आपल्यापैकी कुणी कधी उच्चारलेलं नाही. ती पोरं समोरच्या टेकडीवर जाऊन दारं वाजवत राहिली. त्यांचा दोष नाही. त्यांनी फोन करून विचारलंही, पण तोवर फोन काकूच्या हातून निसटून पायरीखालच्या बर्फात गेला होता.

मी बर्फ काढायला गेलो तेव्हा ती तिथे होती. आपली गाडी माझ्या गॅरेजमध्ये उभी होती, आत स्ट्रेचर, ऑक्सिजन, सगळं जागच्या जागी. मी गिल्बेरला बोलावलं. आम्ही दाराची फळी काढली, तिला त्यावर बांधलं आणि टो-ट्रकच्या पुढच्या सीटवर आडवी घेतली. डोकं गिल्बेरच्या मांडीवर. ती म्हणाली, "ओनेझिम, या तुझ्या भंगाराला ब्रेक तरी लागतात ना?"

मी म्हटलं, "लागतात, काकू. जुना आहे, कुणाची परवानगी विचारत नाही."

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "लिओनेलला कळवू नकोस, तो कामात असेल." म्हणून कळवलं नाही. आजही तिला न विचारता लिहितोय.

कागद मी जाळला नव्हता. ती इस्पितळात कंटाळली, तेव्हा तिला वाचून दाखवला. बारेपाशी तिने मला थांबवलं. "हे लिहिणाऱ्याला कुलूप म्हणायचंय का?" मी म्हटलं, नाही, खोडणं. तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाली, "हे त्याला कुणी शिकवलं?" कागद परत देताना म्हणाली, "पण लिहिलं तरी त्याने." त्या दोन्ही वाक्यांचं काय करायचं ते तू बघ.

ग्रामसभेत मला उभं केलं. पंचायतीतल्या आंद्रे टार्डिफने विचारलं, "कंपनी म्हणते गाडी तूच बंद पाडलीस. खरं का?" मी म्हटलं, "खरं." गिल्बेर काहीतरी बोलायला उठला, मी त्याला बाही धरून खाली बसवलं. बोलला असता तर तुझं नाव निघालं असतं. मग क्लोडेतने तुझ्या आईच्या प्रसंगाचा दाखला देऊन टो-ट्रकचे आभार मानले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर तिने ठराव मताला टाकला. आता लोक माझ्याकडे गाड्या आणतात, पण ब्रेकचं काम निघालं की म्हणतात, "राहू दे, बँगोरलाच नेतो." पूर्वी माझ्याकडे नुसती परवानगी नव्हती. आता भरवसाही नाही.

आणि "धन्यवाद" तुझा होता तर. मी ते पान आठवून पाहिलं, "पुढील काम अधिकृत केंद्रात करून घ्यावे." त्यात आपल्या शाळेतल्या सिस्टरबाईंचं वळण आहे, हे मला जानेवारीतच वाटलं होतं. म्हटलं, उगाच आपल्याच माणसावर संशय नको. आता विचारत नाही. तू सांगूही नकोस.

कंपनीच्या वकिलाने कागद आधीच पाठवून दिलेत. गुरुवारी तो स्वतः सही घ्यायला येणार आहे. मी पुन्हा कधी त्यांच्या गाडीला स्कॅनर लावणार नाही, असं लिहून द्यायचं आहे. म्हणजे अर्ध्या गावाच्या गाड्या गेल्या. टायर आणि तेल उरलं. देईन सही. शुक्रवारी रुग्णवाहिका टो करून लिलावाला न्यायची, ते कामही मलाच दिलंय. रविवारी काकूला घरी आणायचं. तू ईस्टरला येशील असं ती धरून चालली आहे. तुझ्या खोलीतली शेगडी पेटवून ठेव म्हणाली.

त्या कागदावर सहा प्रश्न आहेत. चौथी ओळ अशी: "परवानगीचा क्रमांक आपणांस कोणी दिला?"

ती ओळ मी बारे करणार आहे. या वेळी घोळ नको म्हणून सांगतो: आधी त्यावर रेघ मारीन, मग तोंडाला कुलूप घालीन. दोन्ही अर्थांनी. तुझं नाव माझ्या हातून जाणार नाही. पण वेरोनिकाचं नाव त्यांच्याकडे आहे, आणि माझ्या रेघेने ते खोडलं जाणार नाही.

चौथी ओळ रिकामी राहील. परका क्रमांक खोडला की रिकाम्या जागी आपला घालायचा, असं तू मला एकदा लिहून पाठवलं होतंस. पोस्टातली बाई म्हणते, हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. वकील गुरुवारी दुपारी इथून निघेल आणि सोमवारी तुमच्या इमारतीत असेल.

ओनेझिम